वही बंद केली तेव्हा : ठाण्यातल्या एका ख्रिस्ती शाळेच्या केजी वर्गांचं प्रकरण

शाळा आणि मुलं

ठाणे पूर्वेला, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर एक ख्रिस्ती प्राथमिक शाळा आहे. सिस्टर लोक ती चालवतात. माध्यम इंग्रजी. शाळेचं नाव इथे देत नाही, आणि मुलं-माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. मी तेव्हा पूर्वप्राथमिक विभागाची समन्वयक होते. त्यामुळे पुढे जे चुकलं आणि जे जमलं, त्या दोन्हींवर माझी सही आहे.

ज्युनियर केजीचे दोन वर्ग, सीनियर केजीचे दोन. वर्गात तीस-बत्तीस मुलं, एक टीचर, आणि दोन वर्गांत मिळून एक मावशी. निम्म्याहून अधिक मुलं घरी मराठी बोलणारी : चेंदणी कोळीवाड्यातली, कोपरीच्या चाळींतली, काही वागळे इस्टेटच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची. ख्रिस्ती मुलं वर्गात सहा-सात. त्यातली काही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक घरांतली, काहींचे आजी-आजोबा नगर-जालन्याकडून आलेले. बाकीची हिंदू, बौद्ध, मुस्लिम. कॉन्व्हेंटमध्ये नंबर लागला म्हणजे पोर मार्गाला लागलं, ही भावना मात्र सगळ्या घरांत एकच.

शाळा साडेआठ ते साडेअकरा. प्रार्थना, मग अक्षरं आणि वही, मग आकडे आणि वही, मग डबा, मग कविता आणि उरलेली वही. चार वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पाच वह्या असायच्या. मावशींचं सकाळचं पहिलं काम म्हणजे साठ पेन्सिलींना टोक काढणं. आमच्या वह्या सुंदर असत, आणि त्या सुंदर असाव्यात म्हणून टीचर कितीतरी मुलांचा हात हातात धरून गिरवून घेत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

२०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात तीन ते आठ हे वय एकसंध पायाभूत टप्पा मानलं आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एका सलग धाग्यात. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा निघाला. त्यात खेळ हाच शिकण्याचा मुख्य मार्ग धरला आहे आणि सहा वर्षांखालच्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नको असं म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी आणि चित्रपट्ट्यांचा संच आला. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी हे सगळं वाचलं आणि त्या मे महिन्यात आम्हा टीचरांना चार दिवस बसवलं.

त्या चार दिवसांत एका टीचरांनी विचारलं, हे परदेशी खूळ आपल्या तीस मुलांच्या वर्गात चालायचं कसं? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणार नाहीत म्हणून ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, माती, पानं यांवर भागवलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. टीचर गप्प झाल्या. पटलं म्हणून गप्प झाल्या की आता नाही म्हणता येणार नाही म्हणून, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

वही बंद झाली

जून २०२३ मध्ये शाळा उघडली ती वह्यांशिवाय. वर्गात पाच कोपरे केले : रेती-पाणी, ठोकळे, भातुकली, चित्रं-माती आणि पुस्तकं. बाटल्यांची झाकणं, चिंचोके, नारळाच्या करवंट्या, जुने टेलिफोन, एक खराखुरा तराजू असं सामान जमवलं. सीनियर केजीत आम्ही टीचरांनी मिळून एक मासळी बाजार मांडला. मुलांच्या आजूबाजूचं जग वर्गात यावं, ही कल्पना. पुठ्ठ्याचे बोंबील, मांदेली, बांगडे, दोन टोपल्या, तराजू.

मुलं तुटून पडली. पहिले दोन आठवडे वर्गात गदारोळ होता. तिसऱ्या आठवड्यापासून त्या गदारोळाला आकार यायला लागला. बाजारात मुलं मासे एकेक मोजून विकत नव्हती, वाटे लावत होती. पाच मांदेल्यांचा एक वाटा, असे चार वाटे. कोळीवाड्यातल्या एका मुलानं वाटा विकल्यावर उरलेल्यांकडे नुसतं पाहून सांगितलं, अजून पंधरा आहेत. त्यानं मोजले नव्हते. पाचाचा पाढा त्याला कुणी शिकवलेला नव्हता. मी त्या दिवशी घरी जाऊन हे तिघाचौघांना सांगितलं.

त्याच्या आईला मात्र सांगितलं नाही. साऱ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

पालकांना आम्ही एक छापील पत्रक दिलं होतं, इंग्रजीत, एका पानाचं. त्यात सर्वांगीण विकास होता, धोरण होतं. ‘या वर्षी वही नसेल’ हे वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं.

पालकसभा

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, गणपतीच्या आधी, पालकसभा झाली. तोवर कुजबुज वाढली होती. घोडबंदर रोडवरच्या शाळांत त्याच वयाची मुलं वाक्यं लिहितात, असे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरत होते. एका वडिलांनी मुलाचं दप्तर सभेत उघडून दाखवलं. आत डबा, पाण्याची बाटली आणि एक सुकलेलं बदामाचं पान. ते म्हणाले, “सिस्टर, महिन्याची फी भरून हे पान घरी येतं.” लोक हसले नाहीत. त्यांच्या आवाजात राग कमी होता, भीती जास्त.

मग मागच्या रांगेतून एक आई उठली. ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकते. सकाळचा धंदा आवरून आली होती. तिची मुलगी सीनियर केजीत. ती म्हणाली, “टीचर, आम्ही फी कशासाठी भरतो? तिनं टोपली घेऊ नये म्हणून. आणि तुम्ही वर्गातच तिच्या डोक्यावर टोपली देता.”

मी खेळातून गणित कसं येतं ते सांगायला सुरुवात केली. पंधरा मांदेल्यांची गोष्टही सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “ते मला येतं. मला ते कुणी शाळेत नाही शिकवलं. जे मला येत नाही ते शिकवा.”

तिचं चुकत नव्हतं, असं मला आजही वाटतं. तो बाजार मुलांनी मांडलेला नव्हता. तो आम्ही मांडला होता, कारण आमच्यातल्या कुणाच्याच घरी टोपली नव्हती आणि आम्हाला ती रंगीत वाटली. बँकेत काम करणाऱ्या पालकांची मुलं होती, तरी बँक नव्हती. नर्सबाईंची मुलगी होती, तरी दवाखाना नव्हता. मासे विकणाऱ्यांची मुलं आणि विकत घेणाऱ्यांची मुलं एका वर्गात बसतात तेव्हा टोपली कुणाच्या डोक्यावर जाते, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. नंतर आठवून पाहिलं : बहुतेक वेळा त्याच चार-पाच मुलांच्या.

पहिलीच्या टीचरांनीही त्याच आठवड्यात सिस्टरांना भेटून सांगितलं की ही मुलं पुढच्या जूनमध्ये फळ्यावरचं उतरवू शकली नाहीत तर जबाबदारी त्या घेणार नाहीत. दिवाळीपर्यंत चार पालकांनी मुलं काढून नेली.

समोरचे पर्याय

सिस्टर, मी, चार केजी टीचर, पहिलीच्या दोन टीचर आणि शाळेचे व्यवस्थापक फादर असे आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसलो.

पुन्हा वह्या सुरू करायच्या, हा सर्वांत सोपा मार्ग होता. चारपैकी दोन टीचरांना तोच हवा होता आणि त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं. त्यांचं म्हणणं असं : खेळताना मुलं मराठीतच बोलतात, मग इंग्रजी कुठून येणार? हा मुद्दा खोटा नव्हता. वहीच्या तासाला वर्गात इंग्रजी ऐकू यायची, निदान टीचरच्या तोंडून तरी. पण मुलांच्या तोंडून त्या तासाला काहीच ऐकू यायचं नाही, हे दुसऱ्या टीचरांनी लक्षात आणून दिलं. भातुकलीत “तू आई हो, मी बाळाला डॉक्टरकडे नेते, त्याला काल रात्रीपासून ताप आहे” एवढं लांब वाक्य पाच वर्षांची मुलगी मराठीत रचते. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट रचता येते त्याला दुसरी भाषा जड जात नाही, असं माझं इतक्या वर्षांचं पाहणं आहे.

दुसरा मार्ग, पालकांचं न ऐकता पुढे जाण्याचा. फादरांना तो मान्य नव्हता. मुलं पालकांची आहेत, आपण सांभाळायला घेतली आहेत, एवढंच ते म्हणाले.

तिसरा, अर्धा-अर्धा : डब्यापर्यंत खेळ, डब्यानंतर वही. सगळ्यांना हा समजुतीचा वाटला आणि आम्ही तोच धरला. सप्टेंबरअखेरपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, जेमतेम सहा आठवडे तो चालला. पहिल्या आठवड्यात डब्याआधी दीड तास खेळ होत होता. चौथ्या आठवड्यात तो पाऊण तासावर आला होता, कारण वही पूर्ण झाली नाही तर पालक विचारतात आणि खेळ पूर्ण झाला नाही तर कुणी विचारत नाही. टीचर एकीकडे ठोकळे मांडायला सांगत आणि दुसरीकडे घड्याळ बघत. मुलांनाही ते कळलं. एक मुलगा ठोकळ्यांचा पूल अर्धा टाकून उठला आणि म्हणाला, “आता खरी शाळा.”

हे सहा आठवडे वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्या काळात आम्हाला कळलं की पालकांना वहीत लिहिलेलं काय आहे याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. वही ही त्यांची खिडकी होती. मूल तीन तास बंद दारामागे जातं. आत काय होतं हे त्या पाच वह्यांतून त्यांना रोज दिसत होतं. आम्ही जूनमध्ये ती खिडकी बंद केली आणि दुसरी उघडली नाही.

चौथा मार्ग यातून निघाला : खेळ पूर्ण वेळ ठेवायचा, पण पालकांना आत पाहता येईल अशी सोय करायची, आणि लिहिण्याकडे जाणारी वाट त्यांना उघड दाखवायची.

काय केलं

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा तीन गोष्टी बदलल्या होत्या.

पहिली, पाहणी वही. प्रत्येक टीचरनं रोज तीन मुलं ठरवायची आणि त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी लिहायच्या. दिसलं तेवढंच, शेरा नको. ‘हुशार’, ‘आळशी’, ‘चांगला’ हे शब्द बंद. ‘तीन वेळा मनोरा पडला, चौथ्यांदा मोठा ठोकळा खाली घेतला’ असं लिहायचं. आराखड्यातही या वयासाठी मूल्यमापनाचे हेच दोन मार्ग सांगितले आहेत : मुलाचं निरीक्षण आणि मुलानं केलेल्या गोष्टी. कागदावर ते सोपं दिसतं. तीस मुलांत उभं राहून तीन मुलांकडे नीट बघणं फार अवघड आहे. पहिल्या पंधरवड्यात टीचरांच्या ओळी ‘छान खेळला’ याच्या पुढे जात नव्हत्या. सिस्टर रोज साडेअकराला येऊन एक ओळ वाचायच्या आणि विचारायच्या, “मग त्यानं काय केलं?” महिन्याभरात ओळी बदलल्या. दर पंधरा दिवसांनी त्या ओळींची मराठी किंवा हिंदी चिठ्ठी पालकांच्या हातात जाऊ लागली.

दुसरी, शुक्रवारचा तास. दर शुक्रवारी आठ पालक वर्गात येऊन जमिनीवर बसत. प्रत्येकाला एक मूल नेमून दिलेलं, स्वतःचं सोडून दुसरं. वीस मिनिटं ते मूल काय करतं ते पाहायचं आणि शेवटी सांगायचं. स्वतःचं मूल न देण्याची कल्पना मावशींची. त्या म्हणाल्या, आपलं पोर बघताना आई त्याचं नाक पुसते, बघत नाही. बदामाच्या पानाचे ते वडील पहिल्याच शुक्रवारी आले. त्यांना दिलेली मुलगी वीस मिनिटं पाणी एका बाटलीतून दुसरीत ओतत होती. ते म्हणाले, तिला बारीक तोंडाची उंच बाटली आधी भरेल की नाही याचा अंदाज घ्यायचा होता. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर. मग थोडं थांबून म्हणाले, मी मशीनवर हेच करतो.

तिसरी, हाताची वाट. मूल पाच वर्षांचं झालं की त्यानं लिहायला हवं, हा आग्रह धरताना आपण हाताचा विचार करत नाही. मनगटातली छोटी हाडं जन्मावेळी कूर्चेची असतात, ती एकेक करून घट्ट होत जातात आणि हे काम मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत चालतं. खांदा आणि दंड आधी तयार होतात, बोटं शेवटी. म्हणून आम्ही एक तक्ता केला आणि वर्गाच्या दारावर मराठीत लावला : कणीक मळणं, मटार सोलणं, ओला स्पंज पिळणं, फळ्यावर उभं राहून खडूनं मोठमोठी चित्रं, सागरगोटे, सुईदोरा, आणि मग पेन्सिल. प्रत्येकासमोर, त्यानं हाताला काय मिळतं ते एका ओळीत. सागरगोटे शिकवायला एका मुलाची आजी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. टीचरांना त्या ‘बाई’ म्हणत आणि मुलांना कुणाचीही भीड न ठेवता चुका दाखवत.

सीनियर केजीत लिहिणं बंद नव्हतंच, ते खेळात आलं. दवाखान्यात चिठ्ठी लागते, बँकेत स्लिप भरावी लागते, लोकलला स्टेशनांच्या पाट्या लागतात. लोकलचा खेळ मुलांनी स्वतः काढला. खुर्च्यांची रांग, पुढे मोटरमन, आणि एक मूल घोषणा करणारं : पुढील स्टेशन मुलुंड, पुढील स्टेशन नाहूर, पुढील स्टेशन भांडुप. पाट्या इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही हव्यात हा हट्ट मुलांचाच, कारण फलाटावर तशाच असतात. इंग्रजी कुठून येणार याचं एक उत्तर त्या पाट्यांनी दिलं.

मासळी बाजार आम्ही काढून टाकला. डिसेंबरमध्ये सिस्टर स्वतः त्या आईकडे बाजारात गेल्या आणि आमचं कुठे चुकलं ते सांगून तिला वर्गात येण्याची विनंती केली. ती दोन आठवड्यांनी आली. मुलांनी कुठून तरी ते पुठ्ठ्याचे मासे पुन्हा काढले होते. तिनं पाहिलं आणि न राहवून म्हणाली, “बोंबलाचा वाटा असा नाही लावत,” आणि खाली बसली. अर्धा तास तिनं वाटे लावले, भाव सांगितले, घासाघीस केली, तोंडी हिशेब केले. कापडाच्या दुकानदाराचा मुलगा तिला विचारत होता, सुट्टे किती द्यायचे. तिची मुलगी शेजारी उभी होती. जाताना ती एवढंच म्हणाली की मुलीला डॉक्टरचा खेळही खेळू द्या.

गोठ्याचा प्रश्न

नाताळच्या कार्यक्रमासाठी केजीची मुलं दरवर्षी सहा आठवडे नाचाची तालीम करायची. त्या वर्षी तालीम घेतली तर खेळ संपला असता. म्हणून वर्गातच येशूच्या जन्माचा गोठा मांडला : पेंढा, मातीची जनावरं, एक बाहुली, जुन्या ओढण्या. मुलांनी तो खेळायचा, ज्याला जे व्हायचं ते व्हायचं.

दुसऱ्याच दिवशी मरिया आणि योसेफ बेथलेहेमला रिक्षानं निघाले. योसेफानं मीटर टाकलं. धर्मशिक्षणाच्या टीचर हे पाहून दुखावल्या. पवित्र गोष्टीचा पोरखेळ होतोय, असं त्यांनी फादरांना लिहून दिलं. मरिया झालेली मुलगी मुस्लिम घरातली होती, याचीही काहींना अडचण वाटली. तिच्या घरच्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आनंदानं होकार दिला.

फादरांनी उत्तर द्यायला तीन दिवस घेतले. मग त्यांनी टीचरांना १२२३ सालची गोष्ट सांगितली. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि पेंढा आणून गव्हाणी मांडली, साध्या लोकांना तो प्रसंग डोळ्यांनी दिसावा म्हणून. आज आपण मांडतो त्या गोठ्यांची परंपरा त्या रात्रीपाशी जाते. रिक्षा राहू द्या, ते म्हणाले, पण बाहुली फेकायची नाही, बाळ म्हणून सांभाळायची. सिस्टरांनी त्यात बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला उल्लेख जोडला : पुन्हा वसवलेल्या यरुशलेमचं चित्र काढताना तो रस्त्यांत खेळणारी मुलं-मुली दाखवतो.

मला वाटतं आमच्या शाळेपुरता हा निर्णय सर्वांत मोलाचा होता. ख्रिस्ती शाळेनं खेळ फक्त अक्षरं आणि आकड्यांसाठी उघडा ठेवला असता आणि श्रद्धेच्या तासाला पुन्हा हाताची घडी, तोंडावर बोट केलं असतं, तर मुलांनी खेळाची खरी किंमत लगेच ओळखली असती. धर्मशिक्षणाच्या टीचर पूर्ण समाधानी झाल्या नाहीत. पण नाताळच्या आदल्या दिवशी त्या येऊन गोठ्यात मेंढपाळ होऊन बसल्या.

तळ्यात-मळ्यात

सीनियर केजीतली एक मुलगी वहीच्या काळात आमची आदर्श होती. अक्षर रेखीव, वही स्वच्छ, तोंडातून चकार शब्द नाही. अर्ध्या-अर्ध्याच्या सहा आठवड्यांतही तिच्या वहीवर तारे होते. खेळात मात्र ती कडेला असायची, आणि दोन टीचरांनी ‘लाजाळू’ म्हणून सोडून दिलं होतं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी अंगणात तळ्यात-मळ्यात चालू होतं. त्या दिवशीच्या तीन मुलांत तिचा नंबर होता म्हणून टीचर तिच्याकडेच पाहत होत्या. पाहणी वहीतल्या ओळी अशा : ‘बरोबर उडी मारते, पण सगळ्यांच्या नंतर. आधी शेजारच्या मुलाच्या पायांकडे बघते.’ दुसऱ्या दिवशी टीचरांनी तिला सर्वांच्या पुढे, पाठ वर्गाकडे करून उभं केलं. ती एकदाही बरोबर उडी मारू शकली नाही.

आईवडिलांशी बोललो. तिला वरचेवर सर्दी व्हायची, रात्री तोंड उघडं ठेवून झोपायची, टीव्ही मोठा करायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साठलेला निघाला. लहान मुलांत हे पुष्कळ आढळतं. मूल बहिरं होत नाही, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकतं. बऱ्याचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर काही महिने लक्ष ठेवतात आणि नाहीच ओसरलं तर पुढचा उपाय करतात. तिचं फेब्रुवारीत ओसरलं. तोवर ती टीचरच्या समोर बसली आणि घरच्यांना तिच्याकडे तोंड करून बोलायला सांगितलं.

फळ्यावरचं उतरवायला कान लागत नाहीत. वहीनं तिची अडचण वर्षभर झाकून ठेवली होती आणि त्या वहीवर तारे आम्ही दिले होते. आणि खेळ सुरू झाल्यावरही जून ते डिसेंबर आम्हाला ते दिसलं नाही, कारण खेळ होता पण पाहणं नव्हतं.

निष्पत्ती

जून २०२४ मध्ये ही मुलं पहिलीत गेली. पहिले दोन महिने फळ्यावरचं उतरवायला ती आधीच्या तुकड्यांपेक्षा हळू होती. पहिलीच्या टीचरांचा अंदाज खरा ठरला, आणि आम्ही तो त्यांच्यासमोर मान्य केला. दिवाळीपर्यंत वहीत फरक दिसेनासा झाला. त्याच टीचरांनी स्वतःहून सांगितलेली गोष्ट वेगळी होती : ही मुलं ‘का’ विचारतात, आणि चौघांना मिळून काम दिलं तर भांडण सोडवायला टीचरकडे येत नाहीत. एका तुकडीवरून मी यापेक्षा मोठं काही म्हणणार नाही.

गेलेल्या चार मुलांपैकी कुणी परत आलं नाही. पुढच्या वर्षी ज्युनियर केजीला अर्ज कमी आले, त्याच्या पुढच्या वर्षी पूर्वीइतके. ज्या दोन टीचरांना वही हवी होती त्यांपैकी एकीनं शाळा सोडली. दुसरीची पाहणी वही आज आम्ही नव्या टीचरांना वाचायला देतो.

पुन्हा करायचं झालं तर

वह्या जूनमध्ये एकदम बंद करणार नाही. आधीच्या वर्षीच्या डिसेंबरपासून शुक्रवारचा तास सुरू करीन, पाहणी वही तेव्हाच टीचरांच्या हातात देईन आणि मग वही हळूहळू मागे घेईन. पत्रक मराठीत काढीन आणि बदलाचं वाक्य पहिल्या ओळीत लिहीन. पहिलीच्या टीचरांना मेमधल्या प्रशिक्षणात केजीच्या टीचरांसोबत बसवीन. त्यांना ऑगस्टमध्ये कळणं हा त्यांचा अपमान होता. ज्या टीचरना पटलेलं नाही त्यांना ते बोलायला जागा देईन, कारण न पटलेला माणूस तीस मुलांचा खेळ मन लावून मांडू शकत नाही. पावसाळ्यातल्या सर्द्यांनंतर सगळ्या मुलांचे कान तपासून घेईन. आणि कोणता कोपरा मांडायचा हे मुलांना आधी दोन आठवडे पाहिल्यावरच ठरवीन.

जूनमध्ये नव्या पालकांची पहिली सभा असते. यंदा त्यात जुन्या पालकांनी काहीतरी सांगावं असं ठरलं, म्हणून मी त्या मासळीवाल्या ताईंना विचारायला गेले. त्यांची मुलगी आता वरच्या वर्गात आहे. त्या म्हणाल्या, “टोपलीबद्दल माझं म्हणणं तेच आहे टीचर, ते मी तिथेही बोलीन. भाषण मला येत नाही. वाटे लावून दाखवते.”